पालकांना कळवले होते का?

हुबळी शहरात गंगाधरनगरच्या बाजूला एक जुनी वस्ती आहे. लोक तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. हे नाव सरकारी कागदावरून आले. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या बंदिस्त वसाहती वसवल्या गेल्या, त्यांतली ही एक. सोलापूर, विजापूर, गदग, बारामती इथेही अशाच वसाहती होत्या. घंटीचोर, कोरवा, हरणशिकारी, कंजारभाट अशी नावे सरकारने यादीत घातली आणि त्या नावांत जन्मलेल्या माणसांना तारेच्या कुंपणाआड आणून ठेवले. हुबळीत रेल्वेचे वर्कशॉप होते, कापसाची पेठ होती, गिरणी होती. हातांना काम देता येईल आणि पोलिसांची नजरही राहील, अशी जागा. मोठ्यांची हजेरी घेतली जाई. बाहेर जायचे तर पास लागे. पास संपला आणि माणूस परतला नाही, तर तेवढाच गुन्हा.

हजेरी आणि पास यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी ते दुःख घराघरांत पोहोचवले. त्याच कायद्यातले सतरावे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. माझ्या मते त्या कायद्यातले सर्वांत निर्दय कलम तेच. त्यात म्हटले होते की, सरकारला मुलांसाठी औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळा काढता येतील, आणि वसाहतीत आणलेल्या जमातीची मुले आईबापांपासून वेगळी करून त्या शाळांत ठेवण्याचा हुकूम काढता येईल. मुले म्हणजे सहा वर्षांच्या वरची आणि अठराच्या आतली. शाळेवर अधीक्षक नेमला जाईल, आणि त्याच्यापुढे ती मुले १८९७ च्या सुधारशाळा कायद्यातल्या बालगुन्हेगारांसारखीच समजली जातील. त्या सहा वर्षांच्या पोराने काही केलेले असण्याची गरज नव्हती. त्याचा जन्म पुरेसा होता.

या कलमात न्यायाधीश कुठेच येत नाही. अर्ज नाही, तारीख नाही, समन्स नाही, साक्ष नाही. आईला विचारायचे नाही, बापाला कळवायचे नाही, मुलाला तर नाहीच नाही. हुकूम निघायचा तो सरकारी कचेरीतून. शिवाय जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेची वैधता कोर्टात तपासता येणार नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात करून ठेवलेली होती. म्हणजे मूल नेले तर दाद कुठे मागायची, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने आधीच बंद केले होते.

त्या काळचे कायदे असेच होते, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा तेव्हा वीस वर्षे जुना झाला होता आणि धारवाडच्या जिल्हा न्यायालयातही तो चालत होता. एखाद्या अल्पवयीन मुलाचा पालक म्हणून आपली नेमणूक व्हावी असा कोणी अर्ज केला, की त्या कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे कोर्टाला सुनावणीचा दिवस ठरवावा लागे आणि त्या दिवसाची नोटीस मुलाच्या आईवडिलांना, मूल किंवा त्याची मिळकत ज्याच्या ताब्यात असेल त्याला, आणि आणखी ज्यांना कळवणे योग्य वाटेल त्यांना बजावावी लागे. नोटीस कोर्टाच्या भिंतीवर लावली जाई. सतराव्या कलमात तर याहून मोठी गोष्ट होती. मूल समजण्याइतके मोठे असेल, तर त्याची स्वतःची पसंती कोर्टाला विचारात घेता येईल असे तिथे लिहिले आहे. दोन्ही कायद्यांत कलम सतराच. एकात मुलाला विचारण्याची सोय, दुसऱ्यात त्याला उचलण्याची. वाड्यातल्या, जमीनजुमल्याच्या वारस मुलासाठी एक कायदा आणि पालात जन्मलेल्या मुलासाठी दुसरा, असे दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच सरकारच्या हाताखाली नांदत होते.

जमिनीचीच तुलना करून पाहावी. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे सरकारला रस्त्यासाठी एखाद्याचा चार गुंठ्यांचा तुकडा हवा असला तरी त्या जागी जाहीर नोटीस द्यावी लागे, हितसंबंधी माणसांना वेगळी नोटीस द्यावी लागे, आणि १९२३ पासून संपादनाविरुद्ध हरकत घेऊन आपले म्हणणे मांडण्याचा हक्कही मालकाला मिळाला. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, गुन्हेगार जमाती कायदा नव्याने एकत्र करून मंजूर झाला. त्यात सतरावे कलम जसेच्या तसे राहिले. शेताच्या बांधाला जे मिळाले ते पोटच्या पोराला मिळाले नाही.

मुंबई इलाख्यातल्या या वसाहतींचा कारभार ज्याच्या नावाशी जोडला गेला तो ओ. एच. बी. स्टार्ट हा आयसीएस अधिकारी. सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी जी समिती नेमली तिचा अध्यक्षही तोच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, पी. जी. सोळंकी आणि ठक्करबाप्पा त्या समितीत होते, आणि तिचा अहवाल १९३० मध्ये आला. स्टार्टला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. शाळा, कामधंदा, शिस्त यांनी माणसे बदलतात असे त्याला मनापासून वाटत होते, आणि त्या विचाराची माणसे तेव्हा सरकारात होती, मिशनमध्ये होती, आपल्या समाजसुधारकांतही होती. मूल वाचवायचे तर त्याला घरच्या वळणापासून तोडले पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. हेतू चांगला होता म्हणूनच कोणाला विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. चांगल्या हेतूने नेलेल्या मुलाच्या आईला काही म्हणायचे असेल, तिचे म्हणणे कदाचित बरोबरही असेल, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवली नाही. या लेखात पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कायद्याच्या मुळाशी हीच समजूत आहे.

इलाख्यातल्या इतर मुलांसाठी दरम्यान वेगळा मार्ग निघत होता. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या तुरुंग समितीने १९१९-२० मध्ये देशभर फिरून सांगितले की, मुलांना मोठ्यांच्या कोर्टात आणि मोठ्यांच्या तुरुंगात नेऊ नका, त्यांच्यासाठी वेगळी न्यायालये काढा. १९२० मध्ये मद्रासने, १९२२ मध्ये बंगालने आणि १९२४ मध्ये मुंबईने बाल अधिनियम केले. मुंबईत १९२७ मध्ये बाल न्यायालय सुरू झाले, त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, आणि उमरखाडीचे रिमांड होम उभे राहिले. हा कायदा इलाख्यातल्या एकेका शहराला हळूहळू लागू होत गेला. धारवाडला त्याआधीपासून मुलांचा वेगळा तुरुंग होता. १९२९ च्या बोर्स्टल कायद्यानंतर तिथे बोर्स्टल शाळा झाली आणि इलाख्याच्या कानाकोपऱ्यातली पोरे तिथे येऊ लागली. कोकणातल्या किंवा खानदेशातल्या मुलाला धारवाडला धाडले, की त्याच्या आईने भेटायला यायचे कसे, याचा विचार त्या व्यवस्थेत कुठे दिसत नाही.

मुंबईचा कायदा १९०८ च्या इंग्लंडमधल्या बाल कायद्याच्या वळणावर बेतलेला होता. इंग्लंडच्या त्या कायद्यात बालगुन्हेगाराच्या पालकाला कोर्टात हजर करण्याची तरतूद होती. पालकाला बोलवायचे ते दंड भरायला, पोराच्या चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायला. तो कोर्टात यायचा तो जबाबदार माणूस म्हणून, हक्कदार म्हणून नव्हे. बाल न्यायालयाचे वातावरण घरगुती असावे, न्यायाधीशाने वडीलधाऱ्यासारखे बोलावे, वकिलांचा काथ्याकूट नको, अशी या साऱ्या चळवळीची धारणा. १८९९ मध्ये शिकागोत जगातले पहिले बाल न्यायालय निघाले तेव्हापासून ती चालत आली होती. शासन हेच बापाच्या जागी उभे राहणार असेल, तर खऱ्या बापाला नोटीस कशाला, असा तो तर्क.

या तर्काची खरी परीक्षा व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले, आणि ती झाली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ग्लोब नावाच्या लहानशा गावी. ८ जून १९६४ रोजी पोलिसांनी जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला घरातून उचलले. शेजारच्या बाईला फोनवरून अश्लील बोलल्याची तक्रार होती. आईवडील दोघेही कामावर गेले होते. घरी चिठ्ठी ठेवली नाही, निरोप ठेवला नाही. आई संध्याकाळी परतली, मुलगा दिसेना, थोरल्याला शोधायला धाडले, तेव्हा कळले की तो अटकेत आहे. दुसऱ्या दिवशी सुनावणी झाली. मुलावर नेमका काय आरोप आहे तो कागद आईवडिलांच्या हाती कधी पडला नाही. तक्रार करणारी बाई न्यायाधीशासमोर आलीच नाही. जबाब कोणी लिहून घेतले नाहीत. शेवटी मुलाला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत धाडण्याचा हुकूम झाला, म्हणजे सहा वर्षे. हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद. १५ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी निकालात सांगितले ते असे: मुलाला आणि आईवडिलांना आरोपाची लेखी नोटीस वेळेवर मिळाली पाहिजे, तयारीला अवधी मिळाला पाहिजे, वकील करता आला पाहिजे, साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत. वडीलधारेपणाच्या नावाखाली साध्या न्यायाला फाटा देता येणार नाही.

आपल्याकडे हा धडा फार उशिरा पोहोचला. हुबळीच्या वसाहतीभोवतीची तार त्याआधी गळून पडली होती. कन्हैयालाल मुन्शी मुंबईचे गृहमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी झाली आणि १९३९ मध्ये अहवाल आला. १९४९ मध्ये मुंबई राज्याने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला, आणि अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपला. विमुक्त समाज तो दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळतो. १९४८ मध्ये मुंबईचा नवा बाल अधिनियम आला. १९५६ च्या नोव्हेंबरात धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६४ मध्ये त्या राज्याने स्वतःचा बाल कायदा केला. सीमा बदलल्या, कायद्यांची नावे बदलली. वसाहतीतली माणसे तिथेच राहिली, आणि त्यांची मुले आता ‘गुन्हेगार जमातीची’ न राहता ‘उपेक्षित’ झाली.

१९८६ च्या बाल न्याय कायद्याने राज्याराज्यांचे वेगवेगळे कायदे मोडून एकच कायदा आणला. त्यात भीक मागताना सापडलेले, बेघर, निराधार मूल ‘उपेक्षित’ ठरे आणि ते बाल कल्याण मंडळापुढे जाई. या कायद्यातल्या तरतुदी एकेक करून वाचल्या तर मन अस्वस्थ होते. आरोपी मुलाला अटक झाली तर ठाणे अंमलदाराने शक्य तितक्या लवकर पालकाला कळवायचे, ही सक्ती होती. पण पालक ‘सापडत असेल तर’. उपेक्षित मुलाला पालक असेल, तर पोलिसाला त्याला ताब्यात न घेता नुसता अहवाल धाडता येई, आणि मंडळाला पालकाकडून खुलासा मागवता येई. सारे ‘येई’वर; करायलाच हवे असे नाही. मंडळापुढे वकिलाला उभे राहण्याचा हक्क नव्हता, मंडळाने खास परवानगी दिली तरच. परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घराविषयी लिहिलेला अहवाल गोपनीय. त्यातला मथितार्थ पालकाला सांगायचा की नाही, हे मंडळाने ठरवायचे. म्हणजे बापाविषयी काय लिहिले आहे ते बापाला माहीत नाही, आणि त्या लिहिण्यावरून त्याचे मूल पाच-सात वर्षांसाठी संस्थेत जाऊ शकते. ही गोपनीयतेची तरतूद २०१५ च्या चालू कायद्यातही तशीच आहे. गोपनीयता मुलाच्या बदनामीपासून संरक्षणासाठी हवी, हे मला पटते. मुलाच्या आईपासून ती कशासाठी हवी, हे कोणी पटवून दिलेले नाही.

हा कायदा येण्यामागे ज्या खटल्याचा धक्का होता तो मुंबईच्या एका पत्रकार बाईंनी उभा केला होता. शीला बारसे. १९८२ मध्ये त्यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री-कैद्यांना भेटून त्यांच्या हालांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने त्यावर जे आदेश दिले, त्यांत आपल्या विषयाची एक कळीची गोष्ट आहे. अटक झाली की पोलिसांनी अटकेतल्या माणसाकडून नातेवाइकाचे किंवा मित्राचे नाव घेऊन त्याला ताबडतोब कळवावे, आणि जवळच्या विधी साहाय्य समितीलाही कळवावे. वाचताना हे इतके साधे वाटते की असा आदेश काढावा लागला याचेच वाईट वाटावे.

मग शीलाताई मुलांच्या तुरुंगांकडे वळल्या. सोळा वर्षांखालची किती मुले देशातल्या तुरुंगांत आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांत जाऊन पाहायला सांगितले. काही ठिकाणांहून अहवाल आले, काही ठिकाणांहून पुन्हापुन्हा सांगूनही येईनात. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने ठरवून दिले की, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत आणि खटला सहा महिन्यांत संपला पाहिजे, नाहीतर तो बंद करावा; आणि संसदेने साऱ्या देशासाठी एकच बाल कायदा करावा. वर्ष संपायच्या आत तो कायदा मंजूर झाला.

पुढचा भाग मला नेहमी अडवून ठेवतो. खटला लांबत राहिला, तारखा पडत राहिल्या, आणि १९८८ मध्ये शीला बारसे यांनी तो मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाकडून काम पुढे सरकत नाही, ही त्यांची तक्रार होती. २९ ऑगस्ट १९८८ रोजी न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने ती परवानगी नाकारली. जनहित याचिका अर्जदाराच्या मालकीची नसते, ती मुलांसाठी आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. तत्त्व बरोबर आहे. पण त्याच निकालाने शीला बारसे यांचे नाव खटल्यातून काढून टाकले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीला त्यांच्या जागी उभे केले. ज्या बाईने मुलांच्या वतीने पहिला आवाज केला तिलाच त्या सुनावणीत जागा उरली नाही. आणि तुरुंगातल्या मुलांना तर ती कधी नव्हतीच. त्यांच्याविषयी सारे बोलत होते. त्यांना स्वतःला कोणी बोलवत नव्हते.

११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला. त्याच्या नवव्या अनुच्छेदात मुलाला आईवडिलांपासून वेगळे करण्याच्या कोणत्याही कार्यवाहीत सर्व संबंधितांना भाग घेण्याची आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी असे आहे. बाराव्यात मुलाच्या स्वतःच्या म्हणण्याचा हक्क आहे. तेथून २००० चा कायदा आला, मंडळाची बाल कल्याण समिती झाली, आणि मग २०१५ चा कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमात दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत आल्या. मुलावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक निर्णयात ऐकले जाण्याचा आणि सहभागी होण्याचा त्याला हक्क आहे. आणि या कायद्याखाली न्यायनिवाडा करणाऱ्या प्रत्येकाने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली पाहिजेत, म्हणजे निष्पक्ष सुनावणी आणि फेरविचाराचा हक्क. १९११ च्या सतराव्या कलमापासून इथवर यायला एकशेचार वर्षे लागली.

धारवाडहून बेळगावकडे निघाले की महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ याच बाजूला आहे. २००८ च्या जुलैत ते फिरते खंडपीठ म्हणून सुरू झाले, २०१३ च्या ऑगस्टमध्ये कायम झाले. बेळगाव, धारवाड, गदग, हावेरी, बागलकोट, बळ्ळारी, कोप्पळ आणि उत्तर कन्नड या जिल्ह्यांची प्रकरणे इथे येतात. त्याआधी खानापूरच्या किंवा निपाणीच्या माणसाला बाल कल्याण समितीच्या हुकुमाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे, तर रात्रभर प्रवास करून बेंगळुरू गाठावे लागे. रोजगार बुडवून, वकिलाची फी जमवून, भाषा न येणाऱ्या शहरात. हक्क कायद्यात असला तरी तो किती मैलांवर आहे याला अर्थ असतो. पूर्वी ज्या जिल्ह्यांत मूल नेण्याचा हुकूम निघाला की विषय संपत असे, तिथल्या आईला आता एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा अंतरावर उच्च न्यायालय आहे. २०१५ च्या कायद्याच्या एकशेदोनाव्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयाला समितीचे कागद मागवून हुकूम तपासता येतो, आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय जाईल त्याला ऐकून घेतल्याशिवाय तो देता येत नाही. इथे ‘येई’ची पळवाट नाही.

पण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्यासाठी आधी हे कळावे लागते की आपले मूल कोणत्या समितीपुढे आहे. समितीपुढे मूल चोवीस तासांत न्यावे लागते. आईबाप सापडले नाहीत, तर व्यापक खपाच्या वर्तमानपत्रात मुलाचे छायाचित्र आणि माहिती छापली जाते. मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत समिती त्याला दत्तक देण्यास मोकळे ठरवू शकते. शहरातल्या शिकलेल्या कुटुंबाला ही मुदत पुरेशी वाटेल. याच भागातून ऊसतोडीला महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जाणारी जोडपी ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर सोडतात आणि साधारण मार्चमध्ये परततात. मधल्या काळात आजीकडे ठेवलेले पोर वाट चुकून स्टेशनवर सापडले, तर वर्तमानपत्रातली जाहिरात फडावर कोण वाचणार? हंगाम संपायच्या आत चार महिने संपून गेलेले असतात. लिहितावाचता न येणाऱ्या माणसासाठी छापील नोटीस म्हणजे नोटीसच नव्हे. आणि कन्नडमध्ये छापलेली नोटीस सीमाभागातल्या मराठी घरात, किंवा मराठीत छापलेली हरणशिकाऱ्यांच्या वस्तीत, किती उपयोगाची, हेही विचारले पाहिजे.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी या प्रश्नाचे जे उत्तर मिळवले ते आपल्या विमुक्तांच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यांचीही मुले पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या हेतूने निवासी शाळांत आणि परक्या घरांत नेली गेली. १९७८ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. मूल घरातून काढण्याची कार्यवाही राज्याच्या कोर्टात सुरू झाली, की आईवडिलांना आणि त्यांच्या जमातीलाही पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने नोटीस गेली पाहिजे, आणि ती पोहोचल्यानंतर किमान दहा दिवस सुनावणी होता कामा नये. जमातीला त्या खटल्यात उतरून बाजू मांडता येते. गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. हा कायदा घटनाबाह्य ठरवावा म्हणून मोठी लढाई झाली. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. यात दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. नोटीस पाठवली एवढे पुरत नाही, ती पोहोचली हे दाखवावे लागते. आणि आईबाप सापडत नसतील तर त्यांची माणसे शोधून त्यांना विचारावे लागते.

आपल्याकडे वारे उलट्या दिशेने वाहू लागले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा हुकूम देण्याचे काम न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. १ सप्टेंबर २०२२ पासून ते अमलात आले. वेळ वाचावा हा हेतू. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन आपल्या हद्दीतली चालू प्रकरणे न्यायालयांकडेच ठेवली. ज्या कुटुंबांना दत्तक घ्यायचे आहे त्यांची घाई मी समजू शकतो. दत्तकाची वाट पाहणाऱ्या मुलाचा प्रत्येक महिना मोलाचा असतो, हेही खरे. तरीही हुबळीच्या सेटलमेंटचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला, मुलाचे नाते कायमचे बदलणारा हुकूम पुन्हा कचेरीतून निघू लागला, की भीती वाटते. कचेरीत फाइल असते. कोर्टात निदान पुकारा होतो.

म्हणून काही मागण्या आताच, या जिल्ह्यांत, कायदा न बदलता करता येण्यासारख्या आहेत. समितीने जाहिरातीवर न थांबता पोलीस पाटलामार्फत आणि तांड्याच्या किंवा वस्तीच्या पंचांमार्फत कळवावे, आणि ते कोणाला, कधी, कोणत्या भाषेत सांगितले याचा पंचनामा फाइलला जोडावा. ऊसतोड टोळीच्या मुकादमाकडे कोणती जोडपी आहेत ही माहिती कारखान्यांकडे असते, ती मागवावी. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाचा मथितार्थ पालकाला त्याच्या बोलीत वाचून दाखवावा आणि त्याचे उत्तर लिहून घ्यावे. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील समितीच्या बैठकीच्या दिवशी तिथे बसलेला असावा. आणि मुलाला मोकळे ठरवण्याच्या हुकुमात पहिल्याच ओळीत लिहिलेले असावे की आईवडिलांना कळवण्यासाठी नेमके काय केले. ते लिहिता आले नाही, तर त्या दिवशी हुकूम काढू नये.